तीर्थनच्या काठावर तीन दिवस: ट्राउटसाठी फ्लाय फिशिंगची शिकवणी

शिकवणाऱ्याने पहिला अख्खा दिवस मला नदीत उतरू दिलं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्याला पूर्ण गुण देते. बाकीचं सविस्तर सांगते, कारण मी जायच्या आधी मराठीत असं काही वाचायला शोधत होते आणि मिळालं नाही.

मी रत्नागिरीची. भाट्याच्या खाडीवर आप्पांबरोबर गरवत मोठी झाले. तंगूस, शिसं, गरी आणि कोलंबीचा तुकडा, एवढ्यावर आमचं सगळं चालायचं. काठीसुद्धा नसायची. तंगूस बोटावर घेऊन खडपावर बसायचं, माशाने आमिषाला तोंड लावलं की बोटाला कळायचं. तांबोशी, शेंगाळा, नशीब असेल त्या दिवशी गोबरा. पुढे बँकेत नोकरी लागली, बदल्या होत राहिल्या, खाडी सुटली. गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हाच ठरवलं होतं की थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसा-धाग्याची नकली माशी लावून मासे धरणं, शिकायचं, आणि नीट शिकायचं. भाचीला हिमालयातले पक्षी टिपायचे होते, तीही निघाली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी हिमाचलात, कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्यात पोचलो.

आधी एक कडू अनुभव, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. जाण्याआधी मी एका प्रवास कंपनीकडून ‘ट्राउट फिशिंग, अर्धा दिवस’ असं आगाऊ पैसे भरून ठरवलं होतं. फोनवर दोनदा विचारलं, फ्लायच ना? हो म्हणाले. प्रत्यक्षात हातात आली आखूड स्पिनिंगची काठी आणि तिला चमकणारा धातूचा स्पिनर. फेका, गुंडाळा, फेका, गुंडाळा. बरोबर आलेला मुलगा बिचारा चांगला होता, पण त्याच्याकडे फ्लायची दोरीच नव्हती. स्पिनरने मासे मिळतात, त्याला माझी हरकत नाही. पण तबला शिकायला आलेल्या माणसाच्या गळ्यात ढोल अडकवू नये. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. तेव्हा पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: काठी किती नंबरची आहे? (फ्लायच्या काठीला ती पेलते त्या दोरीच्या वजनाचा नंबर असतो.) उत्तरात ‘चार’, ‘पाच’ किंवा ‘सहा’ आलं तर समोरच्याला विषय माहीत आहे. ‘काठी म्हणजे काठी हो’ असं आलं तर पुढे जाऊ नका.

त्या संध्याकाळी आमच्या होमस्टेच्या मालकीणबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि खालच्या गावातल्या एका माणसाला निरोप धाडला. पन्नाशीचा, सफरचंदाची बाग असलेला शेतकरी. बागेचं काम आवरलं की शिकवतो, एका वेळी दोनच माणसं घेतो. त्याने आधीच सांगितलं की नाव-नंबर कुठे लिहू नका, मला एवढी गर्दी झेपायची नाही. म्हणून लिहीत नाही. मी त्याला भाईजी म्हणायचे, तो मला मॅडमजी. दिवसाचे तीन हजार रुपये, त्यात काठी, रीळ, माशा, बूट आणि दुपारचा डबा. मत्स्य विभागाचा परवाना वेगळा. तो दिवसाच्या हिशेबाने मिळतो आणि त्याशिवाय पाण्यात दोरी टाकायची नाही, हे त्याने पैशांच्या आधी सांगितलं. तिथेच मला तो आवडला.

पहिला दिवस त्याच्या बागेखालच्या कापलेल्या गवतावर गेला. माशीच्या जागी लाल लोकरीचा नखाएवढा तुकडा, समोर दहा पावलांवर जेवणाचं स्टीलचं ताट.

गरवणाऱ्या माणसाला इथे सगळ्यात मोठा अडथळा त्याचा स्वतःचा हात असतो. गरवताना वजन शिशाचं. शिसं पुढे जातं आणि तंगूस मागोमाग ओढत नेतं. फ्लायमध्ये वजन दोरीचंच असतं. माशी म्हणजे बारीक आकड्यावर गुंडाळलेलं पीस आणि धागा, फुंकर मारली तर उडेल अशी. ती फेकता येत नाही. फेकायची असते ती प्लास्टिकचा लेप दिलेली जाडसर दोरी, आणि माशी तिच्या शेपटीला लागून जाते. पाच नंबरच्या दोरीच्या पुढच्या तीस फुटांचं वजन 140 ग्रेन भरतं, म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास. शिशाचं वजन एका जागी गोळा झालेलं असतं, हे नऊ ग्रॅम तीस फुटांवर पसरलेले असतात. दोरी मागे हवेत सरळ उलगडली तरच तिचा भार काठीवर येतो, काठी वाकते, आणि ती वाकलेली काठी दोरीला पुढे पाठवते. उलगडायच्या आत पुढे ओढली तर सगळा जोर हवेत जातो. फाट्‌ असा चाबकासारखा आवाज येतो, आणि टोकाला खरी माशी असती तर तुटून गेली असती.

म्हणजे हे कौशल्य फेकण्याचं नाही, थांबण्याचं आहे. भाईजी दर मिनिटाला तेच सांगायचा, “मॅडमजी, फेंकिए मत. रुकिए.” मी फेकतच होते. चाळीस वर्षांची सवय. त्याने माझ्या काखेत एक वही दिली, म्हणाला ही पडता कामा नये. कोपर अंगाजवळ राहिलं. मग मान मागे वळवून दोरी उलगडताना डोळ्यांनी बघायला लावलं. बघितल्यावर कळलं की मी समजत होते त्याच्या दुप्पट वेळ तिला लागतो.

तरी थांबणं जमेना. काठी मागे नेऊन ती घड्याळातल्या एकच्या जागी ठाम थांबवायची आणि पुढे दहाच्या जागी ठाम थांबवायची. माझी काठी दोन्हीकडे खाली लोळायची, दोरी ढिगाने पडायची. जमलं ते आईच्या सुपामुळे. तांदूळ पाखडताना सूप नुसतं वर-खाली करत नाहीत. उचलतो आणि एका जागी झटक्यात थांबवतो, त्या थांबण्यानेच कोंडा पुढे उडतो. भाताच्या घरात वाढलेल्या कुठल्याही बाईच्या मनगटाला हे ठाऊक असतं. तो थांबा आठवून काठी थांबवली आणि दोरी पहिल्यांदा डोक्यावरून एका अरुंद वळशाने सुळकन पुढे गेली. लोकर ताटात नाही पडली, पण ताटाच्या कडेला लागून वाजली. भाईजीने टाळी वाजवली नाही, फक्त म्हणाला, “अब सौ बार.” शंभर वेळा केलं. खांदा दुखला, पण दुपारपर्यंत आठ-नऊ मीटर दोरी सरळ पडायला लागली. तो म्हणाला, या नदीवर याहून लांब लागतच नाही.

जेवणानंतर गाठी. दोरीला लीडर, म्हणजे नऊ फुटांचा निमुळता होत गेलेला पारदर्शक धागा, त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे बारीक धाग्याचा शेवटचा तुकडा, आणि टिपेटला माशी. टिपेटच्या जाडीला एक्स लावून नंबर देतात, आणि नंबर जितका मोठा तितका धागा बारीक, हे डोक्यात बसायला वेळ लागला. आम्ही 5 एक्स वापरला, सुमारे 0.15 मिलिमीटर. असा धागा 16 नंबरच्या आकड्याच्या डोळ्यातून ओवायचा, पाच वेळा स्वतःभोवती पिळायचा, टोक परत पहिल्या फासातून घ्यायचं, थुंकी लावून ओला करायचा आणि सावकाश घट्ट करायचा. कोरडा ओढला तर घर्षणाने तापून तिथेच कच्चा पडतो. चाळिशी लागलेल्यांनी वाचायचा चष्मा गळ्यात दोरीने अडकवूनच न्या. मी नेला नव्हता. भाचीने पहिल्या दिवशी ओवून दिलं, पण पाण्यात उभं असताना भाची जवळ नसते.

संध्याकाळी त्याने मला नदीकाठी नेलं, काठीशिवाय. उथळ पाण्यातला नारळाएवढा दगड उचलून उलटा केला. खालच्या अंगाला जिवंत वस्ती होती: चपट्या, तीन शेपट्यांच्या मेफ्लाय नावाच्या किड्याच्या अळ्या दगडाला चिकटून सरपटत होत्या, वाळूचे कण जोडून केलेल्या इवल्या नळ्यांत कॅडिसच्या अळ्या बसलेल्या, एक लांबट, दोन शेपट्यांची स्टोनफ्लायची. भाईजीने खिशातली डबी उघडून एक फेझंट टेल नावाची माशी त्या मेफ्लायच्या अळीशेजारी ठेवली. तोच तपकिरी रंग, तीच शेपटी, तेवढाच आकार. ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच होतं, म्हणून पृष्ठभागावर तरंगणाऱ्या माशीच्या आधी बुडणारी माशी शिकायची, असं त्याचं म्हणणं. मी इतकी वर्षं आमिष म्हणून कोलंबी लावली, पण खाडीतला मासा त्या दिवशी नेमकं काय खातोय हे बघायला दगड उलटा केला नव्हता. या अर्ध्या तासासाठी मी वेगळे पैसे दिले असते.

आता नदीबद्दल थोडं, कारण ती इतकी चांगली नसती तर शिकणं याच्या अर्ध्यावर राहिलं असतं. तीर्थन ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून येते आणि लारजीजवळ ब्यासला मिळते. हे उद्यान 2014 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तीर्थनवर मोठं धरण नाही. इथल्या लोकांनी जलविद्युत प्रकल्पांना विरोध करून नदी मोकळी ठेवली, आणि त्या लढ्यात बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब पुढे होते. ट्राउट मात्र इथला मूळचा नाही. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास विलायतेहून अंडी आणून तो काश्मीरमध्ये वसवला, आणि तिथून 1909 मध्ये कुल्लूत आणला. ब्राउन ट्राउट या नद्यांत रुळला आणि स्वतःच प्रजा वाढवू लागला. स्नो ट्राउट हा इथला मूळचा मासा, त्याला स्थानिक लोक गुगली म्हणतात. त्याच्या जागेवर आणि खाण्यावर या पाहुण्याने अतिक्रमण केलं, हेही खरं आहे. भाईजीने ते स्वतःहून सांगितलं, आणि गुगली गळाला लागली तर तिला तो जास्तच जपून सोडतो हे मी पाहिलं.

दुसरा दिवस पाण्यात. बूट हा या शिकवणीचा सगळ्यात कच्चा भाग. तळाला नमदा लावलेले चांगले बूट होते, शेवाळलेल्या गोट्यांवर घसरत नाहीत, पण सगळ्यात लहान जोडी आठ नंबरची आणि माझा पाय पाच. लोकरीचे दोन मोजे घालून भागवलं, तरी टाच आत हलत होती, आणि वाहत्या पाण्यात टाच हलणं चांगलं नाही. शिकायला बायकाही येतात, त्यांच्या मापाचे बूट ठेवायला हवेत. मी त्याला तसं सांगितलं, त्याने वहीत लिहून घेतलं. दुसरी अडचण, दिवसभर नदीवर असताना बायकांसाठी जवळ कुठलीही सोय नाही, होमस्टेवर चालत परत यावं लागतं. जाणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं, संकोच करू नये. आधाराची काठी मात्र त्याने पहिल्या पावलाआधी हातात दिली. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात नेलं नाही, आणि एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही हे घोकून घेतलं.

पाणी वाचणं हा या शिकवणीचा गाभा. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. त्याला खाणं धारेतून येऊन हवं, पण धारेत पोहत राहायचे कष्ट नकोत. म्हणून तो धारेच्या वळचणीला थांबतो: मोठ्या धोंड्याच्या मागे, धोंड्याच्या पुढे पाण्याची जी उशी तयार होते तिच्यात, किंवा वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतात त्या शिवणीवर. फेसाची रेघ जिथून जाते तिथूनच अळ्या वाहत जातात, म्हणून फेस बघायचा. मासा वरच्या अंगाला बघतो, तेव्हा आपण खालून, त्याच्या पाठीमागून, वाकून जायचं. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. माझ्या डोक्यात नदी म्हणजे आमच्याकडची, पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात कोंडीकोंडींत अडकलेली. इथे दहा पावलांच्या पट्ट्यात भाईजीने मला मासा असू शकेल अशा सात जागा दाखवल्या. मी दोन ओळखल्या होत्या.

मागे झाडं असल्यामुळे डोक्यावरून दोरी फिरवायला जागा नव्हती. तिथे रोल कास्ट शिकवला: दोरी पाण्यावरून सावकाश मागे आणायची, तिचा झोळ काठीमागे लोंबू द्यायचा आणि पुढे ठाम थांबा द्यायचा, की दोरी पाण्यावर चाकासारखी लोळत पुढे जाते. हा मला डोक्यावरच्यापेक्षा लवकर जमला. अशा झाडोऱ्याच्या, आखडत्या नद्यांवर नवशिक्याने आधी हाच शिकावा असं माझं मत झालं आहे.

माशीच्या वर दोन हातांवर केशरी रंगाचा छोटा तरंगणारा गोळा लावला होता, तो थबकला किंवा बुडाला की काठी उचलायची. ऐकायला गरवण्यासारखंच. पण माशी पाण्याबरोबर वाहिली पाहिजे, सुटं पान वाहतं तशी. मधल्या वेगवान धारेने दोरीचं पोट पुढे ओढलं की माशी पाण्यापेक्षा जोरात सरकते, आणि ट्राउट अशा माशीकडे ढुंकून बघत नाही. म्हणून दोरी पडल्या पडल्या काठीच्या टोकाने तिचं पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचं. हे करता करता गोळ्यावरची नजर हटते, आणि नेमका तेव्हाच तो बुडतो.

दुसऱ्या दिवशी माझा गोळा निदान सहा वेळा बुडाला आणि एकही मासा आला नाही. कारण आप्पा. आप्पांची शिकवण होती, “गिळू दे, मग ओढ.” कोलंबी खरी असते, मासा ती चघळतो, घाईने ओढलं तर गरी तोंडातून निसटते. इथे माशी पिसाची. ट्राउटला तोंडात घेतल्या क्षणी कळतं की हे खाणं नाही, आणि तो ती थुंकतो. गिळायची वाट बघणाऱ्याला काही मिळत नाही. गोळा थबकला की त्याच क्षणी मनगट उचलायचं, तेही झटका न देता, नाहीतर 5 एक्सचा धागा तटकन तुटतो. दोन वेळा तो तसा तुटलाही. पाच माशा गेल्या, तीन झाडांत, दोन माशांच्या तोंडात. भाईजीने एकाही माशीचे पैसे लावले नाहीत. संध्याकाळी त्याने आप्पांबद्दल सगळं विचारून घेतलं, खाडी, शिसं, गोबरा, आणि म्हणाला की त्यांचं बरोबरच होतं, पाणी वेगळं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी इतकं थंड होतं की बोटं गाठ मारेनात. उन्हं खाली उतरेपर्यंत आम्ही काठावर बसून राहिलो. समोरच्या धोंड्यावर पांढऱ्या टोपीचा रेडस्टार्ट शेपटी हलवत होता, आणि तपकिरी डिपर पाण्यात बुड्या मारून त्याच अळ्या वेचत होता ज्या आम्ही दगडाखाली पाहिल्या. भाचीला तीन दिवसांतला सगळ्यात चांगला फोटो इथे मिळाला.

अकराच्या सुमारास एका धोंड्यामागच्या शिवणीवर सोनेरी मण्याची हेअर्स इअर नावाची माशी टाकली. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा गोळा बुडाला नाही, फक्त बाजूच्या फेसापेक्षा जरा हळू चालला. हात आपोआप वर गेला. काठी वाकली आणि बोटांना तेच जाणवलं जे भाट्याच्या खडपावर जाणवायचं, जिवंत, थरथरणारी ओढ. मी “लागला!” म्हणून ओरडले, मराठीत. भाचीने कॅमेरा टाकून धाव घेतली, “मावशी, टोक वर ठेव, टोक वर!” तिनेही दोन दिवस सगळं ऐकलं होतं. भाईजी जाळं घेऊन खाली उभा राहिला, पण मासा मलाच आणू दिला.

ब्राउन ट्राउट, वीतभर. पिवळसर सोनेरी अंग, काळे ठिपके, आणि मधे मधे लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं, जणू कुणी आधी पांढरा गंध लावून वर कुंकू टेकवलं आहे. असा मासा मी आयुष्यात बघितला नव्हता. भाईजीने हात आधी पाण्यात भिजवायला लावले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतात. आकड्याचा उलटा काटा त्याने सकाळीच चिमट्याने दाबून टाकला होता, त्यामुळे माशी एका बोटाने निघाली. प्रवाहाकडे तोंड करून मासा दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. कल्ले दोन-चार वेळा हलले, आणि तो गेला.

मासा सोडून देणं माझ्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाला सोपं नाही. आमच्याकडे मासा आणला म्हणजे खापरीवर जाणारच. परवान्यावर ठरावीक मासे ठेवायची मुभा असते, आणि ठेवणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण ऑक्टोबरच्या पुढे ब्राउन ट्राउट अंडी घालायला लागतो, त्यासाठीच नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते. आमच्या खाडीत एके काळी मिळणारी तांबोशी आता किती कमी झाली आहे हे मी पाहिलं आहे, आणि म्हणून सोडला. खायचा ट्राउट त्या रात्री होमस्टेवर शेततळ्यातला आणवला. तो रेनबो, अंगावर गुलाबी पट्टा असलेला. सोबत नेलेलं आगळ आणि घरचा मसाला लावून मीच तळला. काटा कमी, मांस मऊ, चव आपल्या समुद्राच्या माशापेक्षा सौम्य. मालकीणबाईंनी आगळाची बाटली ठेवून घेतली.

सामानाबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात, मी मुद्दाम शेवटी सांगते. शिकवणीआधी काहीही विकत घेऊ नका. भाईजीकडची नऊ फुटांची, पाच नंबरची, चार तुकड्यांत सुटणारी काठी तीन दिवस वापरली आणि परत आल्यावर तशीच घेतली. लहान ट्राउटलाही चालते आणि थोडा वारा असला तरी दोरी नेते. रिळावर पैसे घालू नका. एवढ्या माशांना रीळ म्हणजे दोरी ठेवायची जागा, दोरी आपण हातानेच ओढतो. पैसे घाला तरंगणाऱ्या, पुढून जड होत गेलेल्या चांगल्या दोरीवर. दोरी खराब असेल तर थांबा कितीही चांगला दिला तरी ती नीट उलगडत नाही. माशांत फेझंट टेल आणि हेअर्स इअर, दोन्ही मण्यासह, 14 आणि 16 नंबरच्या, आणि वर तरंगवायला अ‍ॅडम्स किंवा एल्क हेअर कॅडिस. एवढ्यावर पहिला हंगाम निघतो. ध्रुवीकरण असलेला चष्मा चैनीत मोजू नका. पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो. दुसरं, माशी मागून परत येते तेव्हा डोळे झाकलेले असले पाहिजेत. भाईजी चष्म्याशिवाय गवतावरसुद्धा काठी हातात देत नव्हता.

पोचायला मनालीच्या बसने औटला उतरायचं, बोगद्याच्या आधी, आणि तिथून बंजारमार्गे गुशैनीपर्यंत टॅक्सी. मे-जूनमध्ये जाऊ नका असं तो म्हणाला. बर्फ वितळून पाणी वाढतं आणि गढूळ होतं, नवशिक्याला काही दिसत नाही. मार्च-एप्रिल, नाहीतर पाऊस सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर.

तीन दिवसांत एक मासा, आणि नऊ हजार रुपये. कुणी म्हणेल महाग पडला. मला विचाराल तर शिकवणीला पाचापैकी साडेचार, अर्धा बुटांसाठी कापला. मी परत जाणार आहे, हंगाम 1 मार्चला उघडतो आणि त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख मी भाईजीकडून घेऊन ठेवली आहे. पाच नंबरचे बूट मिळाले तर मीच घेऊन जाईन आणि त्याच्याकडे ठेवून येईन, पुढच्या बाईला होतील.

तोवर रोज संध्याकाळी, वारा पडला की, मी भाट्याच्या पुळणीवर जाते. टोकाला लाल लोकर आणि दहा पावलांवर वाळूत ठेवलेलं घरचं ताट. काल दहापैकी सहा वेळा वाजलं.